सूर्याकडे दात

चोवीस नोव्हेंबरला गेलेला सूर्य
आमच्या गावात परततो तो वीस जानेवारीला.
मधल्या दिवसांत दुपारी बाराला
खाडीवर थोडा निळा उजेड सांडतो,
तेवढ्यात आम्ही मधली सुट्टी उरकतो.

वर्गात चौदा मुलं. बहुतेकांचे आईबाप
एकाच कारखान्यात कॉड मासा चिरतात,
एकाच रंगाचे रबरी बूट घालून.
नगरपालिकेनं मला एक कागद पाठवला होता :
'आपल्यात सारखं काय आहे?' खाली पाच रिकाम्या ओळी.
चौदाही जणांनी लिहिलं, पिझ्झा.
उरलेल्या चार ओळींत
सिवर्टनं पिझ्झ्याचंच चित्र काढलं.

मी भिंतीवर नकाशा लावला, लाल दोरे ताणले,
हमा, केरेन, क्लाइपेडा, सेबू.
सगळे दोरे आमच्या गावात येऊन गुंतले.
गाठ सोडवता सोडवता तास संपला.

मग एका मंगळवारी
यझाननं कडक पावाचा तुकडा चावला
आणि थांबला.
तळहातावर दात. मक्याच्या दाण्याएवढा,
मुळाशी रक्ताचा ठिपका.

"पेल्यात टाक पाण्याच्या," सिवर्ट म्हणाला, "सकाळी नाणं होतं."
"पाण्यात? वेडा का तू? छपरावर!"
अमिहान आणि सेनाइत एकदमच ओरडल्या
आणि एकमेकींकडे बघत राहिल्या,
तीन महिने एका बाकावर बसून
पहिल्यांदाच.
उग्नेनं नाक उडवलं. उंदराला द्यायचा.
सांगायचं, हा घे हाडाचा, मला लोखंडाचा दे.
"लोखंड गंजतं."
"मग चघळ तू तुझं नाणं."

भांडण रंगात आलं. मी खडू खाली ठेवला.
यझान मात्र मूठ मिटून खिडकीशी.
आमच्यात सूर्याकडे फेकतात, तो म्हणाला.
म्हणायचं, गाढवाचा घे, हरणाचा दे.
आणि बाहेर बघत,
मला विचारल्यासारखं, पण मला नव्हे :
"कुठे फेकू?"

बारा वाजून दहा मिनिटं. बर्फाचं वादळ,
काचेत नुसते आमचेच चेहरे.
मला उत्तर आलं नाही.
मी याच गावात जन्मले, माझ्या आजीनंही
हा प्रश्न कधी ऐकला नसेल.
उग्नेनं रंगाच्या डबीतले खडू बाकावर ओतले,
डबी पुढे केली. यात ठेव.
येईल तेव्हा देऊ.

'देऊ' म्हणाली. 'दे' नाही.
हे मला रात्री दारातला बर्फ उपसताना
लक्षात आलं.

डबीला घरोघरची पाळी लागली.
सेनाइतच्या आईनं आत कापूस घातला.
कुणाच्या तरी वडिलांनी झाकणावर
कारखान्यातली निळी चिकटपट्टी ओढली,
माशाचा वास आला तो गेलाच नाही.

वीस जानेवारी. ढग.
एकवीस. ढग.
बावीसला, डोंगराच्या खांद्यावर, चार मिनिटं.
आम्ही कोटाची बटणं न लावता मैदानात.
यझानचा नवा दात एव्हाना अर्धा वर आलेला,
करवतीसारखा.
"आता मागणार काय?" सिवर्टनं विचारलं.
यझाननं ऐकलंच नाही. हात मागे नेला
आणि गाढव, हरीण, सगळं अरबीत ओरडत
फेकला,

व्यायामशाळेच्या छपरावर टक् असा आवाज झाला.
"छप्पर!" अमिहान नाचायलाच लागली.
सेनाइत तिच्या गळ्यात.
उग्ने शांतपणे हातमोजे चढवत होती.
रात्री येईल उंदीर, म्हणाली, तुम्ही जा घरी.

चौदा चेहरे वर, तोंडं उघडी,
कुणाला खिंडार, कुणाचा नुसताच हलणारा,
ऊन थेट पडजिभेपर्यंत.
मी मोठी, मी तोंड मिटून उभी.
जीभ मात्र आपसूक गेली पुढच्या त्या जागेकडे,
जिथला पहिला दात
एकदा रात्रभर
पाण्याच्या पेल्यात होता.